दिवाळखोरीचा वकील

वडिलांची गिरणी बंद पडली. थकलेल्या पगारासाठी ते वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. म्हणून हार्वे मिलर यांच्याबद्दल वाचताना मी थबकलो. एके काळी न्यूयॉर्कच्या बड्या फर्म दिवाळखोरीचं काम हलकं समजून टाळत. ते बहुतेक ज्यू वकिलांच्या वाट्याला येई. (ही उतरंड आपल्याला समजावून सांगायला नको.) ब्रुकलिनच्या मिलरनी त्याच कामात नाव काढलं. २००८ला लेहमन ब्रदर्स, २००९ला जनरल मोटर्स, दोन्ही प्रकरणं त्यांच्याकडे. लेहमनची नोंदलेली मालमत्ता ६३९ अब्ज डॉलर! चॅप्टर ११ खाली कंपनी देणी थोपवून नव्यानं उभी राहू शकते. कर्तृत्व मोठंच, मित्रहो. पण असा वकील कंपनीला परवडतो. वडिलांचा वकील दोन तारखांना आला, मग दिसलाच नाही.