सेझिनकोटचा घुमट

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागात मॉर्टन-इन-मार्श नावाचे एक लहानसे बाजाराचे गाव आहे. तिथून जवळच, झाडीने भरलेल्या उतारावर, सेझिनकोट नावाची एक हवेली उभी आहे. आजूबाजूचा मुलूख अस्सल इंग्रजी. मेंढ्यांचे कळप, गवताच्या टेकड्या, पिवळसर दगडांची घरे. आणि अशा मुलखात झाडी संपते तिथे एकदम तांब्याचा घुमट दिसतो. पावसापाण्याने हिरवा पडलेला, कांद्याच्या घाटाचा. त्याच्या भोवती छत्र्या, भिंतीतून पुढे आलेला दगडी छज्जा, खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी.

बर्मिंगहॅमला लेकीकडे गेलो असताना जावयाने आम्हाला तिथे नेले. गाडीतून घुमट दिसताच आमच्यापैकी एकीचा हात आपोआप डोक्यावरच्या ओढणीकडे गेला. आपल्याकडे अशा घुमटाखाली एक तर मशीद असते, नाही तर एखाद्या बुजुर्गाची मजार. लेक हसली. म्हणाली, "अम्मी, इथं कुणी पुरलेलं नाही. इथं लोक राहतात, जेवतात, झोपतात."

ही हवेली ज्याच्या नावावर आहे तो चार्ल्स कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. कलकत्त्यात त्याने पोस्टखाते सांभाळले आणि तिथल्या एका सावकारी पेढीत भागीदारी करून गडगंज झाला. जागा मुळात त्याचा भाऊ कर्नल जॉन याने बंगालहून परतल्यावर १७९५ साली विकत घेतली होती. तो १७९८ मध्ये वारला आणि पुढे सगळी मालमत्ता चार्ल्सकडे आली. तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल हा वास्तुकार. त्याने १८०५ च्या सुमारास हे बांधकाम हाती घेतले. त्याआधी जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जची हवेलीही त्यानेच बांधली होती. गंमत अशी की घुमट, छत्री, छज्जा रचणाऱ्या या वास्तुकाराने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता.

पाहिला होता तो टॉमस डॅनियल या चित्रकाराने. टॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ या काळात आपल्या देशात भटकले. आग्रा, दिल्ली, सासाराम, मद्रास, शेवटी मुंबई. या भटकंतीतून 'ओरिएंटल सीनरी' हा १४४ चित्रांचा संग्रह निघाला. त्यातला वेरूळचा भाग मात्र डॅनियलच्या हातचा नव्हे. पुण्याला पेशवे दरबारात चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने त्या लेण्यांची रेखाटने केली होती. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि डॅनियलने ती १८०३ साली छापली. म्हणजे कॉकरेल बंधूंना सल्ला द्यायला बसलेल्या माणसाच्या टेबलावर आग्र्याचा ताजमहाल होता आणि आपले वेरूळही होते.

म्हणूनच सेझिनकोटच्या बागेत उतरले की माणूस चक्रावतो. हवेलीचे बाह्यांग मोगल घाटाचे. पण ओढ्यावरच्या पुलाचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले, आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले. वरच्या अंगाला तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ. खाली एका बुंध्याला वेटोळे घातलेला नाग, त्याच्या तोंडून कारंजे. नंदीसमोर शंकर नाही, सूर्याला अर्घ्य देणारे कोणी नाही, आणि घुमटाखाली मेहराब नाही. डॅनियलच्या लेखी हे सगळे एकच होते: हिंदुस्थान. घुमट मुसलमानांचा आणि नंदी हिंदूंचा, तेव्हा ते एका आवारात कसे ठेवावेत, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

हे अज्ञान होते असे म्हणून हसता येईल. आम्हाला तसे हसू आले नाही. मोगल घाट म्हणजे तरी काय? टोकदार कमान आणि फुगीर घुमट इराण-तुराणाकडून आले. छत्री आणि छज्जा इथल्याच मातीतले, राजवाड्यांत आणि देवळांत आधीपासून असलेले. छज्जा उन्हापावसापासून भिंत वाचवतो, म्हणून इथल्या गवंड्यांनी तो मशिदीलाही लावला. जिथे ऊन म्हणजे नवलाई, त्या ग्लॉस्टरशायरमध्ये त्या छज्ज्याला फारसे कामच नाही. तरी भिंतीवर त्याची सावली पडते तेव्हा डोळ्यांना बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे.

दार ओलांडले की मात्र हिंदुस्थान संपतो. आतले दिवाणखाने ग्रीक घाटाचे, त्या काळच्या कुठल्याही इंग्रज उमरावाच्या घरात शोभावेत असे. अंगावर शेरवानी आणि आत इंग्रजी सदरा! दाखवायचे ते बाहेर ठेवले आणि राहायचे ते आत.

इथे आम्हाला आपले कोकण आठवले. म्हसळा-श्रीवर्धनपासून दापोली-खेडपर्यंत, कुवेत-दुबईला गेलेल्या आपल्या माणसांनी बंगले बांधले. जांभ्याच्या कौलारू घरांच्या जागी स्लॅब, कमानी, कुणाच्या गच्चीवर एखादा लहानसा घुमट. त्याची टिंगल आपणही केली आहे. अशाच एका गावातल्या सभेत एका वक्त्याने बोट दाखवून म्हटलेले आम्ही ऐकले आहे, "बघा, आमच्या कोकणात अरबस्तान आणलाय. हे घुमट या मातीतले नव्हेत." दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थान दाखवायचा म्हटल्यावर इंग्रजाने डोक्यावर ठेवला तो घुमटच. या मातीची खूण म्हणून त्याला आधी तोच सुचला, हे त्या वक्त्याला सांगायला हवे होते.

पण हे दोन बंगले एका मापाने मोजता येणार नाहीत. आमच्या मामूंनी कुवेतच्या उन्हात सत्तावीस वर्षे वेल्डिंग केले. कॉकरेलची दौलत कंपनीच्या राज्यातून आली. तिथले गवंडी, विणकर आणि रयत यांनी ती घडवली आणि हिशेब कलकत्त्याच्या पेढीत झाला. अशा परतलेल्या श्रीमंतांसाठी इंग्रजांनी आपला 'नबाब' शब्द उचलून 'नेबॉब' असा कुचेष्टेचा शब्द केला. शब्दसुद्धा फुकटात नेला!

१८०७ साली युवराजाने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, सेझिनकोटला भेट दिली. समुद्राकाठच्या ब्रायटनला त्याचा जो घुमटांनी गजबजलेला महाल जॉन नॅशने १८१५ नंतर उभा केला, त्याची प्रेरणा इथलीच मानतात. सेझिनकोटमध्ये पुढे मालक बदलले. १९४४ मध्ये ती क्लाइनवर्ट कुटुंबाने घेतली आणि १९६० च्या दशकात लेडी क्लाइनवर्ट यांनी दक्षिणेला पाण्याच्या पाटाची मोगल बाग करवली. सरूच्या जागी आयरिश यू झाडे लावली. ती छान दिसतात.

हवेलीची हौस चालली होती त्याच काळात एक खराखुरा हिंदुस्थानी मुसलमान लंडनमध्ये होता. पाटण्याचा साके दीन महोमेद. कंपनीच्या फौजेबरोबर वाढलेला, १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन छापणारा. १८१० साली त्याने पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढले. हुक्का, आपल्या पद्धतीचे जेवण, वेताच्या खुर्च्या. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थानातून परतलेले हेच साहेबलोक. दोनेक वर्षांत त्याचे दिवाळे निघाले. घुमटासाठी पैसे सोडणाऱ्यांना त्याचे जेवण परवडले नाही, असे आम्ही चिडून म्हणालो. जावई म्हणाला, धंद्यात असे होतेच. पुढे महोमेद ब्रायटनला गेला, चंपीचे हमाम चालवून नावारूपाला आला, थेट त्या घुमटवाल्या राजाचा चंपीवाला झाला आणि १८५१ मध्ये वारला.

परत निघण्याआधी दोन दिवस लंडनला होतो, तेव्हा जॉर्ज स्ट्रीटवर गेलो. कॉफी हाउसच्या जागी २००५ मध्ये लावलेली हिरवी गोल पाटी भिंतीवर आहे. पदपथावर उभे राहून आम्ही ती दोनदा वाचली. मागून येणाऱ्यांना वाट हवी होती, म्हणून बाजूला झालो.