डिप्परचा फ्यूज

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा काका वर्तमानपत्र घेऊनच आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, आता तरी भंगारात दे." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बॉनेट पुसले.

यंदा गाडीने काकांच्या हाती कोलीतच दिले. डिप्परचा फ्यूज उडू लागला. पहिल्यांदा उडाला तो कुंभार्ली घाटात, रात्री. मागच्या सीटवर आत्या होती, तिला दम लागला होता आणि कऱ्हाड गाठायचे होते. बाबांनी अप्परवर गाडी काढली. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डोळे दिपून शिव्या घालीत होता. आत्या वेळेवर पोहोचली. पण त्या रात्रीपासून आई गाडीत बसेना. नोंदणीची मुदतही २०२६ मध्येच संपते. दिवे नाहीत तर पासिंग नाही. म्हणजे काकांचेच म्हणणे खरे होणार, अशी वेळ आली.

परतताना रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्याने उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली होती. दिवे झकास लागले! बाबांनी घरी येताच ती काढून फेकली. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. तो पक्का केला की जळायचे काम वायरीला करावे लागते, आणि वायर जळते ती गाडीसकट.

मी कला शाखेची. विजेशी माझा संबंध बटणापुरता. पण तर्कशास्त्राच्या तासाला मिल्लच्या पद्धती नुकत्याच झाल्या होत्या, (आमच्या सरांना हे वाचून बरे वाटेल!) तेव्हा म्हटले, करून पाहू. पहिला संशय बल्बवर. आमच्या गाडीत कुणीतरी कधीतरी वायरिंग बदलून दोन्ही डिप्पर एकाच फ्यूजवर आणलेले आहेत. बल्ब जुन्या पद्धतीचे, डिप्परला ४० वॅटचे. दोन मिळून ८०. बाराने भागले की पावणेसात अँपिअरच्या आत. फ्यूज पांढरा, चिनी मातीचा, ८ अँपिअरचा. ५५ वॅटचे हॅलोजन असते तर नऊच्या वर गेले असते आणि बल्ब दोषी ठरले असते. ते सुटले.

मग गाडी अंगणात उभी करून अर्धा तास डिप्पर लावून ठेवला. काही झाले नाही. गुळगुळीत रस्त्यावर नेली, तरी नाही. गावाबाहेरच्या खड्ड्यांत घातली आणि टप्! दिवे तेच, वायर तीच, फ्यूज तसाच; फरक फक्त हादऱ्याचा. व्यतिरेक पद्धती म्हणतात ती हीच.

पुढचे काम चिपळूणच्या एका वयस्क वायरिंगवाल्या मिस्त्रींनी शिकवले. त्यांनी दोन्ही हेडलाइटचे कनेक्शन सोडवले, फ्यूज काढला आणि त्या जागी दोन वायरींचा एक साधा बारा व्होल्टचा बल्ब जोडला. डिप्पर चालू केला. "आता हा पेटता कामा नये," ते म्हणाले, "पेटला तर समज, वायर कुठेतरी बॉडीला टेकते." (गाडीचा पत्रा हाच बॅटरीकडे परतीचा मार्ग असतो, हे मला त्या दिवशी कळले.) बल्ब विझलेलाच राहिला. मग त्यांनी मला उजव्या मडगार्डपाशी उभे केले. "हालव, ताई. जोरात." मी मडगार्ड हालवले आणि बल्ब लुकलुकला! पुन्हा हालवले, पुन्हा लुकलुकला. एवढा आनंद मला परीक्षेचा निकाल पाहूनही झालेला नाही.

हेडलाइटच्या मागे वायर पत्र्याच्या भोकातून जाते. भोकाला रबरी कडे होते, ते कडक होऊन कधीच गळून पडले होते. पत्र्याच्या कडेने वायरीचे आवरण घासून आत तांबे दिसत होते, तिळाएवढे. मिस्त्रींनी तेवढा तुकडा कापून नवा जोडला, वर नळी चढवली, नवे कडे बसवले. पैसे घेतले ते चहाच्या हिशेबाचे.

त्या रात्री बाबा घाट चढून-उतरून आले. फ्यूज शाबूत. आई मात्र अजून म्हणते, "बघू." काका रविवारी येणार आहेत. डाव्या दाराची काच खाली जाते ती वर येत नाही. पासिंगच्या आधी आता तिच्याकडे पाहायचे आहे.