चाळीस गॅलनांचे बिऱ्हाड

आमच्या पेठेत नळ सकाळी दोनच तास येतो. पिंपे, हंडे, कळश्या भरण्यात निम्मी हयात गेली. तेव्हा पाणी कसे वापरावे हे अमेरिकेत जाऊन शिकण्याची पाळी आपल्यावर येईल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण २०१९ च्या डिसेंबरात आई आणि मी धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियात गेलो, आणि त्याने आम्हांला ट्रेलरमधून डेथ व्हॅलीला नेले.

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे बिऱ्हाड. शेगडी, मोरी, संडास, चौघांच्या निजण्याची सोय, सारे आत. पलंगाखाली पाण्याची टाकी, चाळीस गॅलनांची. म्हणजे सुमारे १५० लिटर. चार माणसे, तीन दिवस. आईने बोटांवर हिशेब केला : माणशी रोज साडेबारा लिटर. "पुष्कळ झालं की!"

निघण्यापूर्वी भावाने टाकीत थोडे ब्लीच घातलेले पाणी रात्रभर ठेवले होते आणि वास जाईपर्यंत ती धुतली होती. पिण्याचे पाणी भरायची पांढरी नळी वेगळी. सांडपाण्याच्या नळीशी तिचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. हे सोवळे आईला फार पसंत पडले.

पाणी भरले फर्नेस क्रीकला. ही जागा समुद्रसपाटीच्या १९० फूट खाली, पाऊस वर्षाकाठी जेमतेम दोन इंच! तिथून दीडशे किलो पाण्याचे ओझे ओढीत चार हजार फुटांहून उंच खिंड चढलो आणि पलीकडे नेवाडातल्या सरकारी मोकळ्या माळावर मुक्काम टाकला. नजर पोहोचेल तिथवर ना झाड, ना दिवा.

नळ सोडला की पंप गुरगुरतो, बंद केला की गप्प बसतो. रात्री मला मधूनमधून त्याची गुरगुर ऐकू येत होती. असेल काही यंत्राचे, म्हणून मी कूस वळवली. पहाटे भाऊ उठला तो थेट मोरीशीच गेला.

"ताई, रात्री भांडी तू धुतलीस ना?"

नळ पुरता पिळला गेला नव्हता. टाकीत तिसरा हिस्सा उरला होता. आणि वाहून गेलेले पाणी गेले कुठे? मोरीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत! ती तीसच गॅलनांची, काठोकाठ भरलेली. माळावर ओतायची सोय नाही. म्हणजे प्यायला पाणी होते, पण चूळ भरून टाकायला जागा नव्हती. ही अडचण आमच्या पेठेत कधी कुणाला सुचलीही नसेल.

भावजय काही बोलली नाही, हेच मला जास्त लागले. आईने मात्र पदर खोचला. पातेली कागदाने पुसून घेतली, तांदूळ एका वाटीत धुतले आणि ते धुवण भाजीत घातले. अंघोळीऐवजी ओला पंचा. संडासात मात्र भावाने काटकसर करू दिली नाही. तिथे पाणी कमी पडले तर टाकीत घट्ट थर बसतो, म्हणाला.

एक दिवस आधीच मुक्काम हलवला. फर्नेस क्रीकला आधी संडासाची टाकी रिकामी केली, मागून सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. मग साबणाने हात धुऊन भावाने पांढरी नळी काढली. ती टाकीला लावणार, तोच आईने आपला तांब्या पुढे केला.

"आधी हा भर."