ऐंशी वर्षं, एक ओळ

बायबलमधलं ‘शास्ते’, म्हणजे इस्राएलच्या जुन्या पुढाऱ्यांचं पुस्तक, मी यंदा पहिल्यांदाच आरंभापासून सलग वाचायला घेतलं. दबोरा, गिदोन, शमशोन शब्बाथशाळेपासून ओळखीचे. पण तिसऱ्याच अध्यायात अडखळले. अथनिएलानं शत्रूला हरवलं आणि देश ४० वर्षं स्वस्थ राहिला. एहूदानंतर ८०. पुढे दबोरा ४०, गिदोन पुन्हा ४०. एहूदानं मवाबाचा राजा एग्लोन याला मारलं ते किती बारकाईनं सांगितलंय! तो डावखुरा होता, शस्त्र उजव्या मांडीला बांधलं होतं, पात्यामागोमाग मूठही राजाच्या चरबीत रुतली. आणि त्यानंतरची ८० वर्षं? एक ओळ. त्या वर्षांत किती लेकरं जन्मली, किती सुग्या घरात आल्या, काहीच नाही.

मी वहीत दोन रकाने आखले, शत्रूच्या जाचाची वर्षं आणि स्वस्थतेची वर्षं. शास्त्यांच्या कारकिर्दी आणि अबीमलेखाची तीन वर्षंही धरली. बेरीज आली ४१०. पण राजांचं पहिलं पुस्तक म्हणतं, मिसर सोडल्यापासून शलमोनानं मंदिराचं काम सुरू करेपर्यंत ४८० वर्षं झाली. त्यातच रानातली ४०, एलीची ४०, दाविदाची ४० बसवायची. शिवाय यहोशवा, शमुवेल, शौल यांची वर्षं. तीनदा बेरीज केली. जुळेना.

शेवटी वही घेऊन आमच्या शास्त्राभ्यासाच्या बाईंकडे गेले. त्यांना हिब्रू येतं. “अगं, चाळीस म्हणजे सरसकट एक पिढी समज,” त्या म्हणाल्या. “आणि नकाशा उघड.” एहूदाची लढाई यार्देनच्या उतारांजवळ. दबोरेची उत्तरेला, कीशोन नदीपाशी. शमशोन पश्चिमेकडे, पलिष्ट्यांच्या सीमेवर. पुष्कळ अभ्यासक हे शास्ते आपापल्या टापूतले मानतात. म्हणजे एका वंशाकडे निवांतपणा असताना दुसऱ्याच्या शेतावर शत्रू उतरलेला असू शकतो. वर्षं एकावर एक येतात. माझ्यासारखी एकापुढे एक मांडली की फुगतात.

हिशेब सुटला, पण जीव शांत झाला नाही. कारण गिदोन. विजयानंतर त्यानं लुटीतली कुंडलं मागितली, १,७०० शेकेल सोनं जमलं. त्याचं एफोद (याजकाच्या पोशाखाचा भाग) करून त्यानं आपल्या गावी, अफ्रा इथं ठेवलं, आणि सगळं इस्राएल त्या एफोदामागे बहकलं. याला लागूनच वाक्य येतं, देश ४० वर्षं स्वस्थ होता. मूर्तिपूजा चालू आणि देश शांत? मी तर शांतता म्हणजे चांगल्या वागण्याचं बक्षीस समजत होते.

बाईंनी मला त्या वाक्याचा कर्ता शोधायला लावला. लोक नव्हे, शास्ता नव्हे, भूमी. हिब्रू क्रियापद ‘शाकत’, म्हणजे निवांत असणं, गलका थांबणं. लोकांची मनं सुधारली असं त्या शब्दात कुठेच नाही. आणि दुसऱ्या अध्यायात कारण आधीच दिलेलं होतं, मीच घाईनं पुढे गेले होते. लोक जाचाखाली कण्हत होते, म्हणून देवाला त्यांचा कळवळा आला. आता माझी खात्री झाली आहे की ती वर्षं कुणी कमावलेली नव्हती, दिलेली होती. म्हणून त्यांचा हिशेब मांडताना माझा हात अडतो.

गिदोनानंतर पुस्तकाचे आणखी १३ अध्याय आहेत. इफ्ताह येतो, शमशोन येतो, शत्रू मरतात. पण देश स्वस्थ झाला हे वाक्य पुन्हा येत नाही. ते क्रियापद मात्र १८व्या अध्यायात भेटतं, लईश नावाच्या दूरच्या गावातल्या लोकांसाठी. ते निवांत, निर्धास्त राहत होते. दान वंशाच्या लोकांनी त्यांना तलवारीनं मारलं आणि गाव जाळलं.