वाऱ्याच्या मर्जीवर

फुगा का उडतो, याचा खुलासा आर्किमिडीजने फुगा जन्मास येण्यापूर्वी दोन हजार वर्षे करून ठेवला होता: फुगा जेवढी हवा दूर सारतो तिचे वजन त्याच्या साऱ्या सरंजामासकट भरणाऱ्या वजनाहून अधिक झाले, की भोवतालची हवाच त्याला वर ढकलते, मग आत तापविलेली हवा असो, हायड्रोजन असो, वा एके काळी रस्त्यावरच्या दिव्यांना पुरविला जाणारा कोळशाचा वायू असो. वाळूची पोती टाकून वर जावे, झडप उघडून खाली यावे, एवढाच अखत्यार आरोहकाचा. दिशेचा कारभार सर्वस्वी वाऱ्याकडे, आणि त्या दरबारी कोणाचा वशिला चालत नाही.

अशा परस्वाधीन वाहनावर एका राजधानीने आपले टपाल सोपवावे, हे मला त्याच्या उड्डाणाहूनही अद्भुत वाटते. १८७०च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा गाड्यांअभावी ओस पडलेल्या रेल्वे स्थानकांत सुती कापडाचे फुगे शिवले जाऊ लागले, आणि ते हाकण्यास खलाशी नेमले गेले. समुद्रावर वाऱ्याची ताबेदारी अंगवळणी पडलेली माणसे ती! साठांहून अधिक फुगे शत्रूच्या डोक्यावरून निघून गेले. मंत्री गँबेटा ७ ऑक्टोबरला असाच निसटला व बाहेर नवे सैन्य उभारू लागला. उलट नोव्हेंबरात निघालेल्या एका फुग्याला वाऱ्याने समुद्र ओलांडून थेट नॉर्वेच्या हिमाच्छादित डोंगरावर नेऊन टाकले. परतीचा मार्ग तर नव्हताच. म्हणून फुग्यांतून कबुतरे धाडीत, आणि पॅरिसला जबाब पोहोचत ते त्यांच्या शेपटीच्या पिसाला बांधलेल्या नळीतून, सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपाने.

या उतारूंत मला सर्वांत प्रिय आहे तो ज्योतिषी झांसेन. १८६८ साली आपल्या गुंटूरला येऊन, खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तपासून गेलेला हा गृहस्थ, पुढचे ग्रहण अल्जीरियात दिसणार म्हणून, युद्धाची तमा न बाळगता २ डिसेंबरच्या पहाटे उपकरणांसह फुग्यात बसला. वारा त्या दिवशी प्रसन्न होता. त्याने त्याला वेढ्याबाहेर, पार अटलांटिकच्या किनाऱ्यानजीक सुखरूप उतरविले. तेथून तो वेळेपूर्वीच ओरानला पोहोचला, दुर्बीण मांडली, आणि २२ डिसेंबरला ऐन ग्रहणाच्या घटकेस आभाळ ढगांनी भरून आले.