कल्याणच्या पुढचं घर

मध्य रेल्वेवर घरभाडं स्टेशनागणिक उतरत जातं. मुलुंडला जो आकडा ऐकून माणूस गप्प होतो, तो डोंबिवलीला बराच खाली येतो. कल्याणला रुळांचे दोन फाटे फुटले की कर्जतच्या बाजूला अंबरनाथ, बदलापूर, वांगणी असा आणखी उतरतो. मुलीला ठाण्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली, दुपारची पाळी. तिच्या पगारात बसेल असं घर शोधत आम्ही मायलेकी बदलापूरला पोचलो. आम्ही सांगलीच्या. या गावाशी आमची ओळख एवढीच, की जुलै २०१९मध्ये आमच्याकडे येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात रात्रभर अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावं लागलं होतं. पुढच्याच महिन्यात आमच्या कृष्णेनं आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. त्यामुळे कुठलंही घर पाहताना माझी नजर आधी भिंतीच्या खालच्या भागाकडे जाते.

एजंट मुलगा चांगला होता. सकाळपासून उन्हात फिरवत होता, मध्येच स्वतःच्या पैशांनी उसाचा रस पाजला. पण त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असा, की घर लागलं तरच त्याला एक महिन्याची दलाली. त्यामुळे त्यानं जे सांगितलं ते खरंच होतं, फक्त सगळं नव्हतं. पश्चिमेला नदीच्या बाजूला त्यानं तळमजल्यावरचा एक वन बीएचके दाखवला. भाडं ६,५०० रुपये. नवा रंग, नव्या फरश्या, मागे मोकळी हवा. मुलगी स्वयंपाकघर पाहत होती. मी बाहेर आले. तळमजल्याच्या घरांचेसुद्धा विजेचे मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर, माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलेले होते. खाली भिंतीत जुन्या पेटीची चौकट सिमेंटनं बुजवलेली दिसत होती. घरात परत जाऊन मी मोरीच्या दाराला हात लावला. तळाची चार बोटं फुगून पापुद्रे सुटले होते आणि त्यावरूनच रंगाचा हात फिरला होता. गावभागातली आमची दारं अशीच फुगली होती. कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

तरी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. त्यानं कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि आपल्या टपरीच्या पत्र्यावर छातीच्या उंचीला हात लावून दाखवला. "ताई, पाच साली याच्याही वर होतं. एकोणीसला इथवर. एकवीसला पुन्हा." आमच्या सांगलीचीही हीच तीन सालं. घाटाच्या दोन बाजूंच्या दोन नद्या, उल्हास आणि कृष्णा, आणि पुराचं पंचांग एकच.

जलसंपदा विभाग नद्यांच्या काठानं दोन रेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि निळी-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी, असा साधारण नियम. घर विकत घेणारा निदान हे वकिलाकडून तपासून घेऊ शकतो. भाडेकरूला मात्र या रेषांबद्दल कोणी अवाक्षर बोलत नाही. त्याचा मुक्काम अकरा महिन्यांचा, त्याला काय करायचंय, असा सगळ्यांचा समज. त्या अकरा महिन्यांत एक पावसाळा हमखास येतो.

संध्याकाळी मी एजंटला म्हटलं, आता तू घरी जा, आम्ही थांबतो. मुलीच्या पाळीनंतरची जी लोकल तिला मिळणार होती, त्या वेळेपर्यंत आम्ही स्टेशनजवळच बसून राहिलो आणि मग पूर्वेला कात्रपच्या दिशेनं, आवडलेल्या घरापर्यंत चालत गेलो. दुपारी ज्या रस्त्यावर काहीच वावगं वाटलं नव्हतं तो रात्री निराळाच होता. जवळचा रस्ता एका मोठ्या गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीला लागून जातो. दिवे होते, लखलखीत. पण एका बाजूला ती लांबच लांब भिंत आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या प्लॉटचे पत्रे. हाक मारली तर ऐकायला एक खिडकी नाही. मुलीनं माझा हात धरला नाही, पण तिची चाल वाढली, ते मला कळलं. दुसरा रस्ता पाच-सात मिनिटं लांबचा, दिवे बेताचेच. तिथे मात्र मेडिकल उघडं, त्याच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या गप्पा मारत बसलेल्या, पुढे वडापावची गाडी आवरणाऱ्या एक बाई. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दहापर्यंत मी असते. मग मेडिकलवाला असतो. तो बंद करतो तोवर शेवटच्या गाड्यांच्या रिक्षा सुरू होतात. तुमची पोरगी रोजची झाली की आम्हाला कळतंच." मी तिथेच मनाशी ठरवलं, की घर या रस्त्यावर लागतं म्हणून घ्यायचं. फाटकावर रखवालदार असणं, कॅमेरे असणं, हे हवंच. पण मुलीला घरी यायला उशीर झाला तर कॅमेरा बाहेर येऊन बघत नाही. त्या बाई बघतील.

लक्ष ठेवण्याच्या नावाखाली दुसरंही एक चालतं. एका सोसायटीच्या सचिवांनी मुलीला समोर बसवून विचारलं, एकटीच राहणार का, कोण येणार-जाणार, रात्री इतक्या उशिरा कसली नोकरी. मग अटी सांगितल्या : दहानंतर पाहुणा नको, मैत्रीणसुद्धा मुक्कामाला नको. रक्त तपासून रोगाचं निदान करणाऱ्या मुलीला कामाच्या वेळेचा जाब द्यावा लागतो, याचं मला फार वाईट वाटलं. तिनं दबून राहावं म्हणजे ती सुरक्षित, हे मला मान्य नाही. आम्ही पाणी प्यालो आणि उठलो.

कात्रपच्या घरासाठी मी भोगवटा प्रमाणपत्र मागितलं तेव्हा एजंट चकित झाला. "काकू, भाड्याच्या घराला ओसी कोण मागतं?" मागायला हवं. ४ एप्रिल २०१३ला शीळफाट्याजवळ लकी कम्पाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. २०२५च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या आणि तिथली कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली. इमारत पडताना किंवा पाडताना मालक कोण आणि भाडेकरू कोण, असा भेद होत नाही. प्रत दाखवायला मालकीणबाईंनी खळखळ केली नाही, कपाटातून फाइलच काढून दिली. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मे महिन्यात टँकर लागतो का, हे मात्र मी त्यांना न विचारता वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. बारवी धरण इतकं जवळ असूनही हा प्रश्न तिथल्या प्रत्येक बाईच्या ओठांवर असतो.

भाडं ८,५०० ठरलं. करार नोंदणीकृतच करायचा, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको, असं अजून पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं ५५वं कलम मात्र नोंदणी सक्तीची करतं आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकतं. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मुलीला मी हे कलम वाचायला लावलं. नोकरीच्या पहिल्या वर्षात माणसानं पगाराच्या चिठ्ठीइतकंच लक्ष देऊन हा कागद वाचावा.

सामान लावून झाल्यावर पश्चिमेला भाजी आणायला गेले असताना त्या नदीकडच्या तळमजल्याच्या घरासमोर टेम्पो उभा दिसला. तरुण जोडपं, एक मुलगी शाळेची, एक कडेवर. माझ्यानं राहवलं नाही. बाईंना बाजूला घेऊन मीटर दाखवले, मोरीचं दार दाखवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. तो क्षणभर बुजवलेल्या चौकटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, पावसाळा चार महिने. भाडं बारा महिने." त्यानं पुन्हा गाद्या उचलल्या. त्याला मी काय सांगणार होते? महिन्याला दोन हजारांचा फरक त्याच्या घरात केवढा असेल, हे दिसतच होतं.

आमच्या कराराच्या मसुद्यात मजला, क्षेत्रफळ, अनामत, नोटिशीची मुदत, सगळ्यांचे रकाने होते. त्यात भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक आणि घर पूररेषेच्या आत की बाहेर, हे दोन रकाने सक्तीचे व्हावेत असं मला मनापासून वाटतं. दोन हजारांसाठी ज्याला तेच घर घ्यावं लागणार आहे, तो ते घेईलही. पण सही करण्याआधी कळलं तर ती बाई जूनमध्येच रेशनकार्ड, मुलीची पुस्तकं आणि बाळाची औषधं माळ्यावर चढवील, रात्री पाणी वाढलं तर कुणाच्या घरी जायचं हे शेजाऱ्यांशी बोलून ठेवील. हे सांगण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर आणि नोंदणी करून घेणाऱ्या सरकारवर आहे. आज ती इस्त्रीवाला एकटा पार पाडतो आहे, तेही कोणी थांबून विचारलं तरच.