मुखेडच्या घरातली वही

नांदेडहून नरसीमार्गे एस.टी. मुखेडकडे निघाली, की बालाघाटची चढ-उताराची माळरानं लागतात. आक्काच्या घरी पोचलो. दारात जयभीम झाला, पाणी झालं, आणि नजर गेली ती ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेल्या वहीवर.

भाची नवव्या वर्गात आहे. घरात रोज किती अन्न वाया जातं, ते जुन्या तराजूवर तोलून ती लिहिते. साली, देठ, हाडं वेगळी. खाता आली असती ती भाकर, भात, वरण वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज आहे, म्हणजे रोज दीडशे ग्रॅम. त्यात सालीही आल्या. आक्काच्या घरी एवढं कुठलं जायला! पण रात्रीच्या उरलेल्या भाकरी पहिल्याच आठवड्यात अकरा निघाल्या. घरात ना शेळी ना म्हैस, म्हणून त्या उकिरड्यावर.

कारण आक्काच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं. शिळं या घरात कुणी खायचं नाही, हा त्यांचा दंडक. लहानपणी आईबरोबर टोपली घेऊन गावात दारोदार शिळे तुकडे मागायला त्या गेल्या आहेत. मेलेल्या जनावराचं मांस आणि लोकांचं उष्टं-शिळं सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं. यांच्या वाड्यात ते १९५६ नंतर पोचलं, तेव्हा आईनं टोपली चुलीत घातली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, मिलो खाल्ली, पण कुणाच्या दारात हात पसरला नाही.

भाची म्हणाली, "आजी, ते दुसऱ्याचं उष्टं होतं. ही आपल्या पिठाची भाकर हाय."

म्हातारी गप्प राहिली. पोरीचं खरं होतं. पण जिनं टोपली वाहिली तिच्यापुढं ते जरा हळू बोलावं, असं मला वाटलं. आक्कानं मधली वाट काढली. दंडक मोडला नाही. पीठ मळायच्या आधी कोण कोण जेवणार ते विचारायला लागली. पुढच्या आठवड्यात भाकरी चार उरल्या. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस ताटात कमीच घेतो, हाही त्यातला भाग असेल.

आता रोज दिवे लागले की म्हातारीच विचारते, "काय लिवलं गं आज?"

मी निघालो त्या सकाळी वही चाळली. आदल्या रात्रीच्या ओळीत होतं: भात, एक मूठ. पुढं कंसात – मामा.